सोलकढीइतकाच गुलाबी: स्वस्तातला पावडर ब्लश आणि माझे पांढरेफटक गाल

हा ब्लश मी विकत घेतलेलाच नाही. लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणीने तो दादरला रानडे रोडवरून घेतला. छापील किंमत 199, तिला 160 ला पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडहून गाडी सुटली आणि भांडुप यायच्या आत तिने तो माझ्या हातात कोंबला. "घे बाई, तूच लाव. माझ्या गालांवर दिसतच नाही मेला. तीनदा फिरवला, तर शेवटी पीठ सांडल्यासारखं पांढुरकं दिसायला लागलं."

तिचा रंग सुरेख सावळा, तुकतुकीत. माझा म्हणजे, आजी लाडाने 'पांढरी पाल' म्हणायची, त्यावरून काय ते ओळखा. उन्हातून आले की टोमॅटो, एसीत दोन तास बसले की आजारी. ऑफिसात नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी "बरं नाहीये का?" असं विचारतोच, आणि मग कुणीतरी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगतं. तपासलंय. 12.4 आहे.

गोऱ्या रंगाबद्दल तक्रार केली की आपल्याकडे लोक डोळे वटारतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातलं 'फेअर' 2020 साली गेलं, पण लग्नाच्या जाहिरातींतलं 'गोरी' कुठे गेलंय अजून? तेव्हा हे कौतुक नाही की रडगाणंही नाही. फिक्या कातडीवर रंग कसा वागतो आणि कमी पैशांत तो कसा सांभाळायचा, एवढंच सांगायचंय. वय 46, मेकअपचं शिक्षण शून्य, चुका मात्र भरपूर केलेल्या आहेत.

तर ती डबी मी सायन येईपर्यंत पर्समध्ये टाकली आणि विसरले. रविवारी सापडली तेव्हा सहज फिरवून बघितली. आरशात जी बाई दिसली तिला कुणी हिमोग्लोबिन विचारलं नसतं.

मैत्रिणीची ज्या कारणासाठी फसगत झाली, नेमकं तेच माझ्या कामी आलं. स्वस्त पावडर ब्लशमध्ये पुष्कळदा रंग कमी आणि भर जास्त असते. सोलकढी करताना बघा, नारळाच्या दुधात आगळाचे, म्हणजे कोकमाच्या रसाचे, चार थेंब पडले तरी रंग बदलतो. तेच चार थेंब चिंच-गुळाच्या आमटीत पडले तर कुणाला पत्ताही लागत नाही. व्हिडिओत बायका "खूप पिगमेंटेड आहे", म्हणजे रंग ठासून भरलाय, असं ज्याचं कौतुक करतात, तो आपल्यासाठी आमटीचा माल. नारळाच्या दुधाला तो सोसत नाही. "रंगच येत नाही, पैसे पाण्यात" अशी ज्याची बदनामी आहे, तो आधी बघावा.

पित्ताची गोष्ट

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. भाच्याचं लग्न होतं, ठाण्याला. त्यासाठी मी चारशे रुपयांचा एक ब्लश घेतला होता, विटकरी रंगाचा, सगळीकडे वाखाणलेला. हॉलच्या खोलीत पिवळा बल्ब. त्या उजेडात गालावर काही दिसेचना, म्हणून मी आणखी लावला. मग दुसरा गाल जुळवायला त्याच्यावर आणखी. बाहेर मांडवात पांढरेशुभ्र दिवे. आत्याबाई कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पित्त उठलंय का गं? आमसुलं भिजत घालू?"

फोटो आहेत. दाखवणार नाही.

पुढे कळलं की दोष ब्लशचा नव्हताच. मैत्रिणीने मला तिची डबी दिल्यावर मी तिला माझी विटकरी दिली. तिने गाडीतच, कुर्ल्याला जरा जागा झाल्यावर, दोन बोटांनी लावून बघितली. काय दिसली म्हणून सांगू! सूर्य मावळताना उजेड पडावा तसे गाल. समोरच्या सीटवरची अनोळखी बाई म्हणाली, "कुठला हो हा?" माझ्या गालांवर पित्त आणि तिच्या गालांवर संध्याकाळ, डबी तीच.

यामागचं कारण डबीच्या मागे छापलेलं असतं, फक्त अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मोबाइलचा कॅमेरा लावून मोठी करून वाचा. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, ही भर. मायका म्हणजे अभ्रक, त्याने चमक येते. झिंक स्टिअरेट किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट, याने पावडर दाबल्यावर वडीसारखी धरून राहते आणि गालाला चिकटते. मग रंग, ते 'सीआय' आणि पाच आकडी नंबराने लिहितात. 77491 म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड. नाव परकं वाटतं, पण ओळख जुनी आहे. तुळशीवृंदावनाला आणि रांगोळीखाली आपण जो गेरू सारवतो, त्याचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. 77492 पिवळं आणि 77499 काळं, हे त्याचेच भाऊबंद. या तिघांच्या मिश्रणातून विटकरी, तपकिरी, मातकट छटा येतात. गव्हाळ-सावळ्या रंगात त्या मिसळून जातात. पांढऱ्या गालावर मात्र गेरूचा हात पुसल्यासारख्या उठतात. 15850 सारखा नंबर दिसला तर तो कृत्रिम लाल रंग, गुलाबी आणि प्रवाळी छटांमध्ये पुष्कळ वापरतात. यादीतला क्रम बघून फार हुशारी करायला जाऊ नका, कारण रंग बहुधा यादीच्या शेवटी एकत्रच लिहिलेले असतात. डबीतला रंग मातीकडे झुकतोय की फुलाकडे, एवढं डोळ्यांनी बघायचं आणि नंबराने खात्री करायची.

आणखी एक नंबर शाकाहारी घरांसाठी सांगते: 75470. हे कारमाइन, कोशिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. तिच्या तरुणपणी 'रूज'ची एक छोटी गोल डबी कपाटात होती, ती फक्त हळदीकुंकवाला आणि गॅदरिंगला बाहेर यायची. "त्यातही किडे असतील का गं?" आता पन्नास वर्षांनी काय सांगणार!

शेड कुठली? दादरचा पूल चढून बघा

मनगटावरच्या शिरा निळ्या की हिरव्या, त्यावरून शेड ठरवायची असं सगळे सांगतात. मला त्या ट्यूबलाइटखाली हिरव्या दिसतात आणि गॅलरीत निळ्या. मी तो नाद सोडला.

माझी पद्धत वेगळी आहे. मी रोज दादरला सेंट्रलवरून वेस्टर्नला जाते, महालक्ष्मीची गाडी पकडायला. पूल चढून, गर्दीतून वाट काढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उतरले की गाल आपोआप रंगतात. तिथे उभ्या उभ्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा उघडून स्वतःकडे बघायचं. तो तुमचा रंग, रक्ताने दिलेला. ब्लशची शेड त्याच्या जवळची हवी, फक्त दोन पायऱ्या फिकी. पूल नसेल तर घरचे तीन जिने चढा. गाल चिमटून बघणारेही आहेत, पण चिमट्याचा रंग जरा भडक येतो.

माझा पुलावरचा रंग थंड गुलाबी आहे. उन्हाळ्यात बाजारात पांढरे जाम येतात ना, त्यांच्या एका बाजूला जी गुलाबी झाक असते, तसा. मला म्हणून फिकट, किंचित दुधाळ गुलाबी चालतो. जाऊबाईही गोऱ्याच, पण पिवळसर झाक असलेल्या. त्यांच्यावर हाच गुलाबी वेगळा काढून चिकटवल्यासारखा दिसतो आणि पीच छान बसतो. जर्दाळूच्या सालीकडे जाणारा, पण फिका. नाकाच्या आजूबाजूला मुळातच लाली असेल, पुष्कळ गोऱ्या बायकांना असते, तर भडक गुलाबी टाळा. तो त्या लालीशी हातमिळवणी करतो आणि सर्दी झाल्यासारखं दिसतं. रातांबी, जांभळा, वाइन वगैरे रंग डबीत फार देखणे दिसतात. ते डबीतच राहू द्या.

चमकवाल्याबद्दल माझं मत कडक आहे. पंचविशीत घाला खुशाल. माझ्या वयात अभ्रकाची चमक प्रत्येक रंध्रावर टॉर्च मारते. मॅट घ्या, किंवा अगदी रेशमी म्हणतात तसा.

दुकानात

रानडे रोडवर कॉस्मेटिकची दुकानं अशी आहेत की आत दोन गिऱ्हाइकं शिरली की तिसरीने पायरीवर उभं राहायचं. त्याचा एक फायदा होतो, रस्ता दोन पावलांवर असतो. टेस्टर लावायचा तो आत, आणि बघायचा बाहेर येऊन. दुकानातले पांढरे दिवे सगळ्याच शेड गोड दाखवतात. दिवसाउजेडी जा, संध्याकाळी सहानंतर गेलात तर अर्धा अंदाज चुकलाच म्हणून समजा.

टेस्टर थेट गालाला लावू नका. त्यात दिवसभरात किती बोटं बुडालीत ते त्या दुकानदारालाही माहीत नसतं. पर्समध्ये कान साफ करायच्या कापसाच्या दोन काड्या ठेवते मी. वरचा थर टिश्यूने पुसायचा, काडीने थोडी पावडर उचलायची आणि पंजाच्या मागे नाही, तर मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची. पंजे उन्हात रापलेले असतात, ते गालांचे प्रतिनिधी नव्हेत. एकदा बोट फिरवल्यावर रंग ठळक पट्ट्यासारखा उठला तर डबी परत द्या. तीन-चारदा फिरवल्यावर हळूहळू दिसायला लागला तर ती आपली. दुकानदार म्हणेल, "मॅडम, हा बघा ना, एका हातात कलर येतो." त्याचंही बरोबर आहे, त्याच्या बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवं असतं.

पावडर बोटाला खडूसारखी लागते का तेही बघा. थोडी खडूपणाची मला हरकत नाही, गोऱ्या कातडीवर तो पांढुरकेपणा लपून जातो, सावळ्या कातडीवर राखेसारखा दिसतो. पण कण हाताला जाणवत असतील, कचकच लागत असेल, तर नको.

आणि स्वस्त म्हणजे बेनामी नव्हे. 30 रुपयांना फुटपाथवर मिळणारी, मोठ्या कंपनीच्या नावाशी जुळणारं पण एखादं अक्षर चुकलेलं नाव मिरवणारी डबी मी घेत नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, एवढं पाहिजेच. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणीचा नंबरही हवा. 2020 चे कॉस्मेटिक्सचे नियम आहेत, दुकानदार उपकार करत नाही. नुसतं 'इंपोर्टेड' म्हणून चकचकीत स्टिकर असेल आणि बाकी सगळं चिनी अक्षरांत, तर पुढच्या दुकानात चला. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि आत 12 किंवा 24 आकडा असेल, तर उघडल्यापासून तेवढे महिने वापरायचं.

माझी डबी 8 ग्रॅमची. 160 रुपयांना म्हणजे ग्रॅमला 20 रुपये. आठवड्यातून पाच दिवस लावते, वर्ष होत आलं, मधला पत्रा अजून दिसलेला नाही.

घरी आणली की त्याच दिवशी गालांना लावू नका, लग्न असलं तरी. कोपराच्या आतल्या बाजूला आणि कानाच्या मागे थोडी लावून दोन दिवस बघा. खाज, आग, पुरळ, काही झालं की विषय संपला. सूज वगैरे आली तर डॉक्टर. वासाच्या पावडरी मला सोसत नाहीत, पण हे ज्याचं त्याचं.

लावायचा कसा

डबीबरोबर जो चपटा, ताठ, बोटभर ब्रश येतो त्याने मी ऑफिसचा कीबोर्ड साफ करते. त्या कामाला तो उत्तम आहे. गालावर मात्र तो पट्टा ओढतो, झाडूने शेण सारवल्यासारखा. पैसे खर्च करायचेच असतील तर ते ब्रशवर करा. मऊ, फुगीर, सैल केसांचा, साधारण रुपयाच्या दोन नाण्यांएवढा रुंद. मला दीडशेला मिळाला, म्हणजे जवळजवळ ब्लशच्याच किमतीत, आणि तो ब्लशपेक्षा जास्त टिकेल.

आधी चेहरा कोरडा पाहिजे. ही गोष्ट मुंबईत बोलायला सोपी आहे. मी सनस्क्रीन लावते, मग चहा ठेवते, डबा भरते. दहा-पंधरा मिनिटं जातात. गालाला बोटाची पाठ लावून बघते, चिकट लागली तर कॉम्पॅक्ट नुसतं दाबते, घासत नाही. चिकट जागेवर पावडर पडली की तिथेच रुतते. मग तुम्ही कितीही पसरवा, तो डाग जागचा हलत नाही.

उजेड खिडकीचा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, आरसा ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवते. तोंड खिडकीकडे. खिडकी बाजूला असली तर एक गाल उजेडात आणि एक सावलीत राहतो आणि सावलीतल्या गालाला आपण नकळत दुप्पट लावतो.

आता ब्रश डबीवर एकदा टेकवायचा. घासायचा नाही, टेकवायचा. मग मनगटावर दोनदा आपटायचा, रांगोळीची चिमूट सोडायच्या आधी आपण बोटं झटकतो तसा. हवेत गुलाबी धूळ उडालेली दिसली पाहिजे. ती वाया जात नाही, ती पित्त उठणं वाचवते. उरलेली पावडर आधी हाताच्या पंजावर एकदा फिरवा, म्हणजे पहिला, सगळ्यात जड हात तिथे पडतो.

हसायचं नाही. "हसा आणि गालाच्या उंचवट्यावर लावा" असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हसल्यावर उंचवटा वर जातो, हसू ओसरलं की खाली येतो आणि रंगही त्याच्याबरोबर खाली येतो. विशीत चालतं. चाळिशीनंतर गाल ओघळल्यासारखे दिसतात. चेहरा तिकीटखिडकीच्या रांगेत असतो तसा ठेवा. डोळ्याच्या बुबुळाच्या बाहेरच्या कडेतून सरळ खाली एक रेघ कल्पा. त्या रेघेच्या आत, नाकाकडे, ब्रश न्यायचा नाही. नाकपुडीच्या पातळीच्या खालीही नाही. रेघेपासून सुरुवात करून कानाच्या वरच्या टोकाकडे, हलक्या हाताने, ब्रशचे केस वाकतील न वाकतील एवढ्या दाबाने. तीन वेळा फिरवला की थांबा.

इथे आपली खरी परीक्षा असते, कारण काहीच दिसत नाही. हात आपोआप डबीकडे जातो. जाऊ देऊ नका. दुसरा गाल करा, मग आरसा हातभर लांब धरा. माणसं आपल्याला तेवढ्या अंतरावरून बघतात, नाकाला नाक लावून नव्हे. लांबून बघितल्यावर चेहऱ्याला थोडी जाग आलेली दिसते. नसेलच दिसत तर पुन्हा एक टेकवणं, पुन्हा झटकणं, पुन्हा तीन वेळा. माझं दुसऱ्या फेरीत भागतं. हिवाळ्यात कधी तिसरी. शेवटी ब्रश काहीही न घेता कडांवरून गोल फिरवायचा. रंग कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येता कामा नये.

उजवा गाल माझा नेहमी जास्त रंगायचा, कारण सुरुवात तिथून आणि हातही उजवा. आता मी सम तारखेला उजवीकडून सुरू करते आणि विषमला डावीकडून. लेक हसते, पण उपयोग होतो.

उरलेल्या ब्रशने कपाळाच्या कडेला आणि हनुवटीला नुसता स्पर्श केला तर गालांवरचे दोन गोल वेगळे उठत नाहीत. उन्हातून चालल्यावर काही फक्त गालच लाल होत नाहीत ना.

जास्त झाला तर

पुसू नका, आणि पाणी तर अजिबात नको. रांगोळीवर पाणी सांडलं की काय होतं माहीत आहे, रंग गडद होतो आणि फरशीत बसतो. कॉम्पॅक्टचा कोरडा पफ घेऊन वरून दाब द्या, उचला, पुन्हा दाबा. त्वचेच्याच रंगाची पावडर वर बसली की गुलाबी दबतो. कॉम्पॅक्ट नसेल तर कोरडा टिश्यू गालावर ठेवून तळहाताने दाबा, थोडी पावडर त्यावर निघून येते. तरीही वीट दिसत असेल तर तोंड धुवा आणि तसंच बाहेर पडा. मी एकदा तशीच गेले, कुणी मेलं नाही. "बरं नाहीये का?" तेवढं ऐकावं लागलं.

घामाचंही हेच. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात पुलावरून उतरेपर्यंत चेहरा भिजलेला असतो. पावडरीत घाम आणि तेल मुरलं की तोच ब्लश एक शेड गडद दिसतो, म्हणून सकाळी फिकाच लावलेला बरा. रुमालाने घासायचं नाही, घडी करून टिपायचं. टिपल्याशिवाय वरून नवा हात तर मुळीच नाही, ढग जमल्यासारखे ठिपके उठतात. आणि लाल झालेल्या चेहऱ्यावर ब्लशचा अंदाजही घेऊ नका. मी पूर्वी ऑफिसात पोचल्या पोचल्या लावायचे. तेव्हा गाल आधीच रंगलेले, त्यामुळे नावापुरता ब्रश लागायचा, आणि अकरापर्यंत एसीत पुन्हा पांढरी पाल.

गाडीत लावायचा का? पावडर ब्लश ही गाडीत लावता येण्याजोगी एकमेव गोष्ट आहे असं माझं मत आहे. धक्क्यात काजळ लावणाऱ्या बायकांना मी मनापासून नमस्कार करते. पण खिडकीची सीट मिळाली तरच, आणि ब्रश झटकायचा तो स्वतःच्या ओढणीवर, शेजारणीच्या साडीवर नाही. चौथ्या सीटवर अर्धं बसून हा उद्योग करू नये. भांडणं बघितली आहेत मी.

डबी सांभाळणं

बाथरूममध्ये ठेवू नका. पावसाळ्यात तर कपाटातसुद्धा ओल धरते. चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या मी डबीच्या पाऊचमध्ये टाकते, घरात लहान मूल असेल तर त्या त्याच्या हाती लागू देऊ नका. वास बदलला, वर बुरशीचे ठिपके दिसले, तर 160 रुपयांचा मोह नको.

काही महिन्यांनी पावडरीवर चकचकीत कडक पापुद्रा धरतो आणि रंग येईनासा होतो. ब्रशवरून गेलेल्या तेलाचा तो थर. सेलोटेप हलकेच लावून उचला, खाली पावडर पहिल्यासारखी निघते. ब्रश दोन आठवड्यांनी बेबी शाम्पूने धुवायचा आणि आडवा वाळवायचा. उभा ठेवला तर पाणी मुठीत उतरतं आणि केस गळायला लागतात. जुलैत पंख्याखाली ठेवूनही त्याला दोन दिवस लागतात, म्हणून शुक्रवारी रात्री धुवा.

आणि डबी पडतेच. माझी गेल्या महिन्यात महालक्ष्मीच्या जिन्यावर पडली, आतली वडी फुटून चुरा झाला. नशिबाने झाकण घट्ट होतं. घरी येऊन चुरा डबीतच चमच्याच्या टोकाने बारीक केला, केमिस्टकडून आणलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल ड्रॉपरने थेंब थेंब घातलं, भाकरीच्या पिठाला पाणी लावतो तसं अंदाजाने, पीठ जमेल इतकंच. ओट्यापासून लांब, गॅस बंद, खिडकी उघडी, कारण ते चटकन पेट घेतं. वर टिश्यू घातला, त्यावर नाणं ठेवून अंगठ्याने सगळीकडून दाबलं आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस वाळू दिलं. वडी पूर्वीपेक्षा जरा कडक झाली आहे, त्यामुळे रंग आणखी कमी येतो. मला बरंच झालं. मधोमध नाण्याचा गोल ठसा उमटलाय, तो अजून झिजलेला नाही.